जहाज गेलं, घंटा राहिली

दिल्लीत समुद्र नाही, हे सांगायला कुणी नको. इथे 'बीच' म्हटलं की लोकांना गोव्याची फ्लाइट आठवते आणि 'बोट' म्हटलं की इंडिया गेटजवळचं पॅडल मारायचं तळं. पण तुम्हाला खरं वाटणार नाही, भारताच्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेची, म्हणजे आयएनएस विक्रांतची मूळ घंटा कित्येक वर्षं याच दिल्लीत होती. ५, मोतीलाल नेहरू मार्ग. नौदलाच्या उपप्रमुखांचं सरकारी निवासस्थान.

या रस्त्यावरून मी रिक्षाने कितीतरी वेळा गेले आहे. कडुलिंबाची झाडं, पांढऱ्या भिंती, गेटवर पहारा. आत काय असेल याचा विचार कधी मनात आला नाही. मार्च २०२३ मध्ये बातमी वाचली की व्हाइस अॅडमिरल सतीश घोरमडे यांनी ती घंटा नव्या विक्रांतला सुपूर्द केली, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी झाली की अरे, ही इथेच होती!

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली. मी ते जहाज पाहिलं होतं.

एका डिसेंबरमधली गोष्ट

तेव्हा मी चौथीत असेन. मुंबईला आत्याकडे गेलो होतो आणि बाबा म्हणाले, चला, विक्रांत बघून येऊ. मला वाटलं बोटीत बसायला मिळणार. प्रत्यक्षात समोर आली ती एक राखाडी भिंत. मान वर केली तरी संपेना. लोखंडी जिने इतके उभे होते की उतरताना आईने माझा फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवला होता. रंगाचा आणि तेलाचा वास. आत गोदामासारख्या जागेत उभी असलेली विमानं, आणि मग डेक. शाळेच्या मैदानाहून मोठं, सपाट, चहूबाजूंनी पाणी. बाबा काहीतरी १९७१ बद्दल सांगत होते. माझं लक्ष कुल्फीकडे होतं.

आज त्याचा पश्चात्ताप होतो. कारण ते डेक आता जगात कुठेच नाही.

जे तेव्हा ऐकलं नाही, ते आता वाचून तुम्हाला सांगते. ही नौका मुळात ब्रिटिशांची, नाव 'हर्क्युलीस'. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधायला घेतली, २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरली, पण तोवर युद्धच संपलं होतं. अर्धवट अवस्थेत ती तशीच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती मुंबईला पोहोचली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः होते.

१९७१ चं युद्ध आलं तेव्हा तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. आता यात काय मोठंसं, असं वाटेल. पण विमानवाहू नौकेचं गणित वेगळं असतं. छोट्याशा डेकवरून विमान उडवायचं तर जहाजाला वाऱ्याच्या दिशेने जोरात पळावं लागतं, तेव्हा कुठे विमानाच्या पंखांना पुरेसा वारा मिळतो. जहाजाचा वेग कमी म्हणजे विमान उडवण्याचा धोका जास्त. तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव इथे हल्ले चढवले. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी त्याआधीच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली होती.

मग मोडली कशाला?

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी, ठरावीक दिवसांपुरती का होईना, खुली होऊ लागली. मी पाहिली ती हीच. कायमचं संग्रहालय करायच्या योजना अनेक झाल्या. ऑयस्टर रॉक नावाच्या खडकाजवळ तिला कायमची टेकवायची, खासगी भागीदार घ्यायचा, हॉटेल काढायचं. पैसे लावायला कुणी पुढे आलं नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती बंद झाली. नंतर लिलाव झाला, सुमारे ६० कोटी रुपयांना. लोक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयातही, पण ऑगस्ट २०१४ मध्ये शेवटचा अडथळा दूर झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालू लागले.

हे वाचताना आपल्याला पटकन राग येतो. मलाही आला होता. 'आपल्याला किंमतच नाही' हे वाक्य जिभेवर तयारच असतं. पण थोडं थांबून घरच्या उदाहरणाने बघा. समुद्राजवळ राहणाऱ्या कुणाच्याही घरी जा आणि खिडकीच्या गजांची अवस्था पाहा. दर दोन वर्षांनी रंग काढला नाही तर बोट लावताच पोपडे हातात येतात. आता तोच गज दोनशे मीटरहून लांब आहे आणि चोवीस तास खाऱ्या पाण्यात बुडालेला आहे, अशी कल्पना करा. पोलादी जहाज तरंगतं ठेवायचं तर ते दर काही वर्षांनी पाण्याबाहेर काढून, खरवडून, गंजलेले पत्रे बदलून पुन्हा रंगवावं लागतं. शिवाय त्या काळच्या जहाजांमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते काढण्याचा खर्च वेगळा. तिकिटाच्या पैशांत हे भागत नाही. न्यूयॉर्कची 'इंट्रेपिड' किंवा सॅन दिएगोची 'मिडवे' ही विमानवाहू जहाजं संग्रहालय म्हणून टिकली आहेत, पण त्यांच्यामागे देणगीदार आहेत, स्वयंसेवक म्हणून राबणारे निवृत्त नौसैनिक आहेत आणि रोजची गर्दी आहे.

म्हणजे दोष कुणाचाच नाही का? मला तसं म्हणायचं नाही. पंधरा वर्षं निर्णय लांबणीवर टाकला की लोखंड वाट बघत नाही, एवढंच. आणि आपण त्यातून शिकलो असंही नाही. कारण विराटचं काय झालं ते बघा.

आयएनएस विराट, म्हणजे आधीची 'हर्मिस', १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. १९८७ मध्ये ती आपल्याकडे आली आणि मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ८५२ कोटींची योजना मंजूर केली: सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात तिचं संग्रहालय. कोकणातल्या माझ्या मैत्रिणीने तेव्हा व्हॉट्सअॅपवर फटाक्यांचे इमोजी पाठवले होते. दोन वर्षांनी तीच विराट ३८.५४ कोटींना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातच्या अलंगला ओढत नेण्यात आली. शेवटच्या घडीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली खरी, पण तोवर ती बरीच तोडून झाली होती.

मुंबईचं एक जहाज मात्र अजून तरंगतंय

आता एक गंमत सांगते. मुंबईत बांधलेली एक युद्धनौका दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगते आहे. फक्त ती मुंबईत नाही, इंग्लंडमधल्या हार्टलपूल या गावात आहे. नाव 'ट्रिंकोमाली'.

१२ ऑक्टोबर १८१७ ला ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. वाडियांचं घराणं मूळचं सुरतचं. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये कंपनी सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईला आले, आणि मग पिढ्यान् पिढ्या याच घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. नव्या जहाजाचा तळाचा मुख्य कणा बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकायची त्यांची रीत होती. आपण घराच्या पायात पूजेचं काही ठेवतो ना, तसंच.

या जहाजाच्या जन्माची गोष्टही सिनेमात शोभेल अशी आहे. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले. १८१२ च्या डिसेंबरात ते जहाज अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत संपलं आणि नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. ही 'कॉन्स्टिट्यूशन' अजून बोस्टनमध्ये तरंगते आहे आणि जिच्या नकाशांची तिने वाट लावली ती 'ट्रिंकोमाली' हार्टलपूलमध्ये. दोघी म्हाताऱ्या अटलांटिकच्या दोन काठांवर.

ब्रिटिशांनी मुंबईत जहाज का बांधून घेतलं? कारण नेपोलियनशी लढून लढून त्यांच्याकडे ओकचं चांगलं लाकूड संपत आलं होतं आणि आपल्याकडे मलबारचं सागवान होतं. तुमच्या आजोळी जुना सागवानी पलंग किंवा झोपाळा असेल तर हे वेगळं समजावून सांगायला नकोच. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्याने ते सहजी कुजत नाही. आणखी एक मोठा फायदा खिळ्यांचा. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात मात्र ते टिकतात.

तरीही 'ट्रिंकोमाली' नुसत्या सागामुळे वाचली नाही. १८९७ मध्ये तीही भंगारात निघालीच होती. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थांनी ती विकत घेतली आणि मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी वापरली. पुढे हार्टलपूलला तिची दुरुस्ती सुरू झाली आणि ती २००१ पर्यंत चालली. म्हणजे विक्रांतचं संग्रहालय इथे सुरू झालं त्याच वर्षी तिकडे 'ट्रिंकोमाली' पूर्ण झाली. तुमचे कुणी नातेवाईक इंग्लंडमध्ये असतील तर त्यांना सांगा. लंडन आय सगळेच बघतात.

आपलं आरमार, ज्याचं एकही जहाज नाही

मराठी माणूस जहाजांबद्दल बोलायला लागला की गाडी शिवाजी महाराजांवर आणि कान्होजी आंग्र्यांवर येतेच, आणि यायलाच हवी. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली, त्याच कार्यक्रमात नौदलाचा नवा ध्वज आला. त्यावरचा अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

पण गुराब, गलबतं, पाल... मराठा आरमारातलं एकही लढाऊ जहाज आज शिल्लक नाही. लाकूड कुजलं असेल, जुनी झाल्यावर मोडली असतील, हे एक कारण. दुसरं कारण जास्त बोचतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळून खाक झालं. हल्ला इंग्रजांचा होता आणि त्यांच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. भाऊबंदकीत घर कसं बुडतं याची गोष्ट आपल्याला नवी नाही, इथे तर आरमार बुडालं. शाळेच्या पुस्तकात मी हे वाचल्याचं आठवत नाही.

उरलं आहे ते दगडात. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीच्या काठी मराठ्यांची खडक कोरून काढलेली गोदी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या परिसरात पाण्याखाली दगडी नांगर सापडले आहेत. जहाज गेलं, पण जिथे ते बांधलं आणि ज्याने ते थांबवलं, त्या वस्तू राहिल्या. कोकणात गेलात आणि हातात अर्धा दिवस असला तर किल्ल्यावर सेल्फी काढून झाल्यावर गिर्येची वाट विचारा.

कुठे, काय बघता येईल

सुट्टीत मुलांना घेऊन जायचं असेल तर विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी सगळ्यात सोपी. २००१ मध्ये ती निवृत्त झाली, दुसऱ्याच वर्षी किनाऱ्यावर ओढून संग्रहालय झालं. आत शिरलात की कळतं, माणसं महिनोन् महिने इतक्या अरुंद जागेत कशी राहत असतील. ती टिकली याचं कारण साधं आहे: निर्णय लवकर झाला आणि ती पाण्यात नाही, जमिनीवर आहे. कारवारची 'चपळ'ही तशीच, किनाऱ्यावर. आपल्या कल्याणमध्ये दुर्गाडी किल्ल्याजवळ नौदलाची 'टी-८०' ही छोटी निवृत्त युद्धनौका आणून ठेवली आहे. मुंबईकरांना लोकलने जाता येईल. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे विमानं बघायची तर गोव्यात, वास्कोजवळ, नौदलाच्या हवाई संग्रहालयात.

दीवला जरा मन घट्ट करून जा. ९ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' ही आपली नौका तिथून जवळच बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. टेकडीवर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. २०२२ मध्ये त्याच नावाची दुसरी, निवृत्त झालेली नौका दीवला देण्यात आली. आणि जिने पहिली खुकरी बुडवली ती 'हंगोर' पाणबुडी? तीही जपलेली आहे, कराचीच्या सागरी संग्रहालयात. काही मुलं तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत असतील, जसा मी विक्रांतसमोर काढला होता.

दिल्ली-एनसीआरमध्ये राहणाऱ्यांसाठी: इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात वीरता चक्रात सहा ब्राँझची शिल्पचित्रं आहेत. त्यातलं एक 'ऑपरेशन ट्रायडंट'चं, म्हणजे १९७१ मध्ये कराची बंदरावर झालेल्या हल्ल्याचं. ही शिल्पं राम सुतार यांची. मूळचे धुळे जिल्ह्यातले, स्टुडिओ नोएडात. मी राहते तिथून फार लांब नाही. संध्याकाळी गेलात तर गर्दीतही ते चित्र शांतपणे बघता येतं, कारण बहुतेकांचे मोबाईल ज्योतीकडे वळलेले असतात.

आणि निवती? विराटचं संग्रहालय जिथे होणार होतं, तिथल्याच समुद्रासाठी आता दुसरी योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. ती मुद्दाम पाण्यात बुडवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, तिच्यावर प्रवाळ आणि मासे वस्तीला येऊ द्यायचे, अशी कल्पना आहे. गंजाशी भांडत बसण्यापेक्षा समुद्रालाच देऊन टाकायची. मला ही कल्पना आधी विचित्र वाटली, आता पटायला लागली आहे.

तुकडे

विक्रांतचं काय काय उरलं, याची मी एकदा वहीत यादी करायला बसले. मुंबईत लायन गेटजवळ २५ जानेवारी २०१६ ला एक स्मारक उभं राहिलं, शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी विक्रांतच्याच धातूतून घडवलेलं. काळा घोडा बघायला येणारे कितीतरी लोक त्याच्या बाजूने टॅक्सीने निघून जातात. नव्या विक्रांतवर जुनाच क्रमांक आहे, आर-११. आणि ती घंटा.

जहाजावरची घंटा म्हणजे देवळातल्यासारखी येता-जाता वाजवायची नसते. ती जहाजाचं घड्याळ. चार तासांची एक पाळी, दर अर्ध्या तासाला एक टोल वाढवत न्यायचा. आठ टोल पडले की पाळी संपली, दुसऱ्यांनी यायचं. धुक्यात तीच वाजवून दुसऱ्या जहाजांना आपण कुठे आहोत ते सांगायचं. १९६१ च्या विक्रांतवर लाटा, युद्ध, कंटाळा, घरची आठवण, सगळं या घंटेच्या हिशोबाने चाललं असणार. जहाज मोडलं तरी नौदलाची माणसं घंटा सहसा मोडीत जाऊ देत नाहीत. बासष्ट वर्षांनी ती दिल्लीच्या बंगल्यातून पुन्हा समुद्रावर गेली.

यादीत शेवटचं नाव मोटारसायकलचं. २०१६ च्या सुरुवातीला बजाजने 'व्ही १५' आणली, तिच्या पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचं पोलाद वापरल्याचं सांगितलं होतं. तेव्हा मला ही जाहिरातबाजी वाटली होती, युद्धनौकेची मोटारसायकल करायची म्हणजे काय! पण कराडजवळ राहणाऱ्या माझ्या काकांनी नेमकी तीच घेतली. काकांचा नौदलाशी संबंध नाही, ते ऊस लावतात. गाडीचं उत्पादन केव्हाच बंद झालं. चुलतभाऊ गेल्या दिवाळीपासून मागे लागला आहे की एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू, नवी घेऊ. काका ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात मी फोनवर विचारलं, "काका, गाडी आहे ना अजून?"

"आहे की," ते म्हणाले. "शेडमध्ये झाकून ठेवलीय. टाकीला परवाच तेलाचा हात फिरवला. पावसाळा आला ना."